पाच वाट्या आणि सासूबाई

“आधी माझ्या आईच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडा!”

बायको दारातूनच ओरडली. तिच्या एका हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या, दुसऱ्या हातात चपला, आणि मागे तिची थोरली बहीण तोंडावर हात ठेवून उभी. निगडी प्राधिकरणातल्या त्या आठव्या मजल्यावर बायकोचा आवाज असा काही घुमला, की समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन खिडक्या आपणहून बंद झाल्या. तिसरी उघडली.

आता दृश्य होतंच तसं. डायनिंग टेबलाच्या टोकाला माझ्या सासूबाई बसलेल्या. त्यांच्या डोळ्यांवर माझा निळ्या चौकड्यांचा रुमाल. तो धुतलेला होता, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगायला तयार आहे. समोर स्टीलच्या पाच वाट्या, प्रत्येक वाटीला चिकटपट्टी आणि त्यावर नंबर. टेबलाच्या एका बाजूला माझा साडू लॅपटॉप उघडून बसलेला, दुसऱ्या बाजूला मी, हातात स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. सासूबाईंचा उजवा गाल सुपारीएवढा फुगलेला. पाचव्या वाटीतला एकच तुकडा त्यांनी अकरा मिनिटं तोंडात धरला होता आणि आम्ही दोघे जावई निकालाची वाट बघत होतो.

“थांब गं जरा,” रुमालाआडून सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “व्हायलंय.”

गोष्ट इथपर्यंत कशी आली ते सांगतो. सांगताना थोडं वाढवीन, कारण वाढवल्याशिवाय मला सांगताच येत नाही, तो माझा जन्माचा दोष आहे. पण चिप्सच्या बाबतीत एका ग्रॅमचंही खोटं सांगणार नाही. तिथं मी पुरता पोळलोय.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. बाहेरच्या छोट्या वर्कशॉपांतून पत्र्याचे सुटे भाग येतात, ते तपासून ‘घ्या’ नाहीतर ‘परत पाठवा’ म्हणायचं, हे माझं बावीस वर्षांचं काम. पत्र्याच्या कडेला केसाएवढी खरखर राहिली तरी माझा अंगठा सांगतो. एकदा मोशीच्या पुलावर शेजारून जाणाऱ्या टेम्पोच्या नुसत्या आवाजावरून मी ओळखलं होतं की याचा मागच्या चाकाचा तिसरा नट ढिला आहे. टेम्पो थांबवला, बघितलं, तर चौथा निघाला. एवढी चूक माझ्याकडून होते.

राहायला मी मोशीला. तिसरा मजला. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. त्या जागेत लोक सायकली ठेवतात. साडू निगडीला, आठव्या मजल्यावर. त्याची लिफ्ट बोलते. कितवा मजला आला ते बाईच्या आवाजात सांगते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिला हात जोडून नमस्कार केला, असं माझी बायको सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरते. साफ खोटं. मी फक्त ‘बरं’ म्हणालो होतो.

हा साडू म्हणजे थोरला जावई. कॉम्प्युटरवाला. पन्नाशीला आलाय, पण त्याचे गुडघे वाजत नाहीत. जिना उतरताना माझ्या गुडघ्यांचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकतो. त्याला पोट नाही, त्याच्या गाडीवर ओरखडा नाही, त्याच्या कुंडीतली तुळस जानेवारीतसुद्धा वाळत नाही. हे सगळं मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण त्याला एक वाईट खोड आहे. तो खरं बोलतो.

माझ्या सासूबाईंना या दोनच मुली. सासरे गेल्यावर त्या परभणीकडे गावी एकट्या राहायच्या. गेल्या वर्षी त्यांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी बजावलं, की आता एकटीनं राहायचं नाही. तेव्हापासून दोन महिने निगडीला, दोन महिने मोशीला, अशा त्या पिशवी घेऊन फिरू लागल्या. शेवटी कंटाळून म्हणाल्या, मी काय गॅसचं सिलिंडर हाय का, एकीकडं संपलं की दुसरीकडं जोडायला? दिवाळी होऊ द्या, मग एकाच घरी राहीन. कुठं राहायचं ते माझं मी ठरवीन.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सासू दुसरीकडे जावी म्हणून लोक नारळ फोडतात. मी ती माझ्याकडे यावी म्हणून सुकत होतो. कॅन्टीनमध्ये ही गोष्ट फुटली तेव्हा आमच्या पेंट शॉपचा एक जण म्हणाला, “भावा, बायकोसाठी जळणारे लई बघितले, सासूसाठी जळणारा तू पहिलाच.” टेबलावरच्या सगळ्यांनी त्याला टाळ्या दिल्या. मी पण दिली. काय करणार.

पण त्यांना कसं सांगावं? घरात माझ्या गोष्टी ऐकणारं माणूस एकच होतं. बायको लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच शहाणी झाली. मी ‘आज काय झालं माहितीये’ म्हटलं की ती ‘दूध आणलं का’ विचारते. कंपनीतले हसतात, पण त्यांचा एक डोळा शिफ्टच्या घड्याळावर. सासूबाई मात्र दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुढं झुकतात आणि फक्त ‘मग?’ एवढंच म्हणतात. मी त्यांना सांगितलं, की चाकणच्या चौकात काल एवढं ट्रॅफिक होतं, की माझ्यापुढच्या ट्रकातली केळी चढताना हिरवी होती आणि सिग्नलपर्यंत पिकून पिवळी झाली. त्या म्हणाल्या, मग? मी म्हटलं, मग काय, ड्रायव्हरनं तिथंच उतरून विकली, आणि ट्रक रिकामा करून परत फिरला. सासूबाई हसतात तेव्हा आवाज येत नाही. खांदे हलतात आणि डोळ्यांतून पाणी येतं. त्या खांद्यांसाठी मी तिसरा मजला दिवसातून दहा वेळा चढलो असतो.

हीच केळ्यांची गोष्ट मी एकदा निगडीला सांगत होतो, तर साडूनं फोन काढला, मॅप बघितला आणि म्हणाला, “भाऊ, काल तिथं चाळीसच मिनिटं दाखवतंय.” माझा अपमान करावा असं त्याच्या मनात नव्हतं. तो मला माहिती देत होता. त्याच्या घरात केळी हिरवीच राहिली.

आता मूळ मुद्दा. सासूबाईंचा जीव बटाट्याच्या वेफर्समध्ये. चिखलीला एक दुकान आहे, तिथला माणूस बटाटा खिसणीवर धरून थेट उकळत्या तेलात चकत्या सोडतो. दर शनिवारी कंपनीतून येताना मी पाव किलो गरम वेफर्स आणायचो. कागदाच्या पिशवीवर तेलाचा नकाशा उमटायचा. मग मी गोष्ट सांगायची आणि त्यांनी बरोबर रंगात आलेल्या जागी कुर्रकन् चावायचं, असा आमचा ठेका बसला होता. यंदा उन्हाळ्याच्या शेवटी डॉक्टरांनी तळलेलंही बंद केलं आणि माझा तबलजीच गेला.

दुसऱ्याच आठवड्यात साडू पुडे घेऊन आला. नाचणीचे चिप्स. बिटाचे चिप्स. सात धान्यांचे भाजलेले चिप्स. पुड्याला चेन, पुड्यावर पद्मासनात बसून हसणारी बाई. “आई, हे तुम्हाला चालेल,” म्हणाला. बघा आता. आमच्याकडं सासूला मामी म्हणायची रीत. मी बावीस वर्षं मामीच म्हणत आलो. हा ‘आई’ म्हणतो. एका शब्दात बढती. सासूबाईंनी नाचणीचा एक चिप्स तोंडात टाकला आणि माझ्याकडं बघत, अगदी माझ्याकडंच बघत, म्हणाल्या, “मोठे जावई लई जपतात.”

‘जपतात’ या शब्दाला इतकी धार असते हे मला माहीत नव्हतं. त्याच उन्हाळ्यात त्यांचे उरलेसुरले दात काढले, तेव्हा नवी कवळीसुद्धा साडूच्याच ओळखीच्या डॉक्टरनं बसवली होती. म्हणजे आता त्या माझ्या गोष्टीला हसल्या तरी साडूच्या दातांनी हसणार. मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण भात घेतला नाही.

मग मला कडक भाकरी आठवली.

ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची, आणि तव्याच्या कडेला उभी ठेवून वाळवायची. महिनाभर टिकते, तेलाचा थेंब नाही. आमच्या गावाकडं शेतात जाताना फडक्यात बांधून न्यायचे. मी म्हटलं, अरे, चेनच्या पुड्यातली बाई पद्मासन घालायच्या आधीपासून आम्ही चिप्स खातोय. एका रविवारी बायको बहिणीकडे गेली असताना मी चार तास ओट्यापाशी उभा राहून चौदा भाकऱ्या थापल्या. पहिल्या सहा तर महाराष्ट्राच्या नकाशासारख्या झाल्या. एकीत कोकण चांगलं जमलं होतं. उरलेल्या आठ पुठ्ठ्याचा साचा ठेवून ओल्या असतानाच तिकोनी कापल्या. प्रत्येक तुकडा सारखा, हवं तर मोजा. बायको परतली, तुकडा उजेडात धरून म्हणाली, भाकरी आहे का पत्र्याचं ब्रॅकेट?

पुढच्या रविवारी आम्ही निगडीला जेवायला. दिवाळी तोंडावर आलेली. दोघी बहिणी मेथी आणायला खाली उतरल्या, तसा मी पिशवीतून काटा आणि वाट्या काढल्या. म्हटलं, साडूभाऊ, आज एकदा होऊनच जाऊ द्या. मामींना काय द्यायचं ते तोंडानं नको, मापानं ठरवू.

मला वाटलं होतं तो टाळेल. तो तर खूश झाला. लॅपटॉप आणला, रकाने पाडले, आणि शाळेतल्या पोरासारखा मला विचारायला लागला, की तुमच्यात हे कसं करतात. तो मोह मला आवरला नाही. मी त्याला क्वालिटीचं अख्खं शास्त्र सांगितलं. चिखलीचे बटाट्याचे वेफर्स हा आपला मास्टर पीस, म्हणजे बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशी. चाखणाऱ्याला पुडा दिसता कामा नये. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बोट वर करून सांगितली, की मोजायच्या आधी ज्यानं मोजायचं ते तपासायचं. गेज खरं आहे का, काटा शून्यावर आहे का. ते खोटं असेल तर पुढचं सगळं मोजमाप कचऱ्यात. मिठाचा बंद पुडा काट्यावर ठेवून मी त्याला काटा तपासून दाखवला. त्यानं ते वाक्य टाइप करून ठेवलं.

आधी किंमत. शंभर ग्रॅमचा भाव काढायचा ठरला. चिखलीचे वेफर्स चाळीस रुपये. नाचणीच्या पुड्यात हवाच एवढी होती, की चेन उघडताना पडदा हलला. काट्यावर ठेवल्यावर भाव निघाला एकशे तीस. बिटाचे अडीचशे. सात धान्यांचे एकशे दहा. माझी कडक भाकरी, ज्वारी आणि गॅस धरून, आठ रुपये. मी छाती पुढं काढली. साडू म्हणाला, मजुरी? मी म्हटलं, घरचीच. तो म्हणाला, पण राव, ती धरायला पाहिजे, बाकीच्यांच्या भावात धरलीये. मग चार तास गुणिले माझा ओव्हरटाइमचा दर असा हिशेब त्यानं लावला आणि माझी भाकरी काजूकतलीच्या वर गेली. तेही त्यानं शेजारच्या रकान्यात वेगळं लिहिलं, दोन्ही भाव, म्हणजे माझ्यावर अन्याय नको.

मग पुड्यामागचं बारीक अक्षर. इथं मी त्याला पकडलाच. जो जिन्नस जास्त तो यादीत आधी येतो. नाचणीच्या पुड्यावर पहिला तांदूळ, मग मका, मग पामतेल, आणि नाचणी चौथी. पुढच्या बाजूला मात्र तिचा एवढा मोठा फोटो, लग्नपत्रिकेत आजोबांचा असतो तसा. सात धान्यांतही मक्याचाच कारभार, बाकीची सहा पाव्हणी. मीठ तर कुठल्याच पुड्यात बटाट्याच्या वेफर्सपेक्षा फारसं कमी नव्हतं. बिटाचे चिप्स खरोखर बिटाचे होते, पण तळलेलेच, आणि बीट मुळातच गोड. मी एकेक ओळ वकिलासारखी वाचत गेलो. साडूनं वाद घालायला हवा होता. त्यानं चष्मा पुसला, पुडा परत वाचला आणि म्हणाला, “बरोबर आहे. मी नीट वाचलंच नव्हतं.” आणि स्वतःच्या पुड्यांपुढं स्वतःच कमी गुण टाकले.

माणसानं हरावं कसं, याचीसुद्धा एक रीत असते हो. तोंड पाडावं, विषय बदलावा. हा हरतानाही माझ्यापेक्षा चांगला दिसत होता.

तेलाची परीक्षा अशी: प्रत्येकी एक तुकडा टिश्यू पेपरात ठेवून वरून कुकर ठेवायचा, दहा मिनिटांनी डाग बघायचा. बटाट्याचा डाग रुपयाएवढा. बिटाचा जवळजवळ तेवढाच, वर गुलाबी. नाचणीचा आठ आण्यांएवढा. भाजलेल्या सात धान्यांचा बारीक ठिपका. माझ्या भाकरीचा कागद कोरा. “भाऊ, हे सगळ्यात चांगलं आहे,” साडू मनापासून म्हणाला. “फक्त ज्वारी पण शेवटी पिठूळच, आईंनी दोन-तीनच तुकडे खायचे. पुडा कुठलाही असो, अख्खा संपवला की सगळं सारखंच.” तेही खरंच होतं. त्याला दुसरं येतच नाही.

इथं एक कबुली देतो. आमच्याकडं काही वर्कशॉपवाले एक लबाडी करतात. मंजुरीसाठी जो नमुना पाठवतात तो हातानं घासूनपुसून, आणि नंतर मालाच्या गाडीत येतं ते वेगळंच. असे किती जण मी बावीस वर्षांत पकडले असतील. शंभर म्हणा. दोनशे म्हणा. त्या रविवारी माझ्या पिशवीत दोन डबे होते. कुकरखाली गेलेला तुकडा पहिल्या डब्यातला, कोरडा ठणठणीत. सासूबाईंच्या वाटीत मी घातले ते दुसऱ्या डब्यातले. त्यांना शेंगदाण्याचं तेल, लाल तिखट आणि मिठाचा भरपूर हात फिरवलेला. साडूची पाठ होती तेवढ्यात घातले. माझ्या अंगठ्याला लाज वाटली असेल, पण तो काही बोलला नाही.

मग सासूबाईंना बोलावलं. रुमाल बांधताना म्हणाल्या, “आंधळी कोशिंबीर खेळायचीय का?” मी म्हटलं, मामी, आज तुम्ही जज. त्या ऐटीत बसल्या.

पहिली वाटी, बटाटा. बराच वेळ घोळवून म्हणाल्या, बरं हाय, खारट हाय. दुसरी, नाचणी. हे लवकर गेलं. तिसरी, बीट. हे गोड हाय, मला चालत न्हाई, काढा. चौथी, सात धान्यं. “हे काय, खोक्याचा पुठ्ठा हाय का?” माझं काळीज थुईथुई नाचलं. मग पाचवी. तुकडा आत गेला. एक मिनिट, दोन मिनिटं. गाल उजवीकडे फुगला, मग डावीकडे, परत उजवीकडे. चेहऱ्यावर अशी समाधी, की साडू टाइप करायचा थांबला. सातव्या मिनिटाला मी हळूच विचारलं, मामी, कसंय? त्यांनी हात वर केला, जसं जप करताना मधे बोलू नको म्हणून करतात. दहाव्या मिनिटाला म्हणाल्या, “हे एक नंबर. लई येळ पुरतंय.”

मी साडूकडं बघितलं. आयुष्यात एकदाच माणसाला असं बघायला मिळतं. दिवाळीनंतर सासूबाईंची पिशवी माझ्या हॉलमध्ये कुठल्या कोपऱ्यात ठेवायची, इथपर्यंत माझं ठरून गेलं.

आणि अकराव्या मिनिटाला दार उघडलं.

रुमाल बायकोनंच सोडला. सोडता सोडता ती थबकली आणि आईच्या तोंडाकडं वाकून बघितलं. “आई, कवळी कुठाय तुझी?”

सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. आतून कवळी निघाली, फडक्यात नीट गुंडाळलेली. म्हणाल्या, बोचती. खाताना काढून ठेवती. मग खाते कशी, असं थोरलीनं विचारलं. तर म्हणाल्या, चावायचं कशाला, चोखायचं. मीठ सुटतं की.

म्हणजे इतके महिने नाचणीपासून बिटापर्यंत सगळं त्यांनी चोखूनच खाल्लं होतं, आणि माझी भाकरी पहिली आली होती ती चवीसाठी नाही, तर अकरा मिनिटांत विरघळली नाही म्हणून. खारकेची बी ठेवली असती तर तीच जिंकली असती.

बायकोनं मग जे सुरू केलं ते मी लिहीत नाही. सारांश असा, की एवढी मोठी दोन माणसं, एकानं काटा तपासला, दुसऱ्यानं ते लिहून घेतलं, आणि जिच्या तोंडानं मोजायचं तिच्या तोंडात दात आहेत का, ते कुणी बघितलं नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर माझंच वाक्य होतं, सगळ्यात वर, ठळक अक्षरांत. साडूनं ते एकदा वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि हळूच लॅपटॉप मिटला.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्यानं टेबल आवरायला घेतलं. पाचवी वाटी उचलली, एक तुकडा हातात धरला आणि थांबला. बोटाचं टोक बघितलं. तेलानं चकाकत होतं. मग ओट्यावर पडलेल्या त्या कोऱ्या टिश्यू पेपरकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी छताचा पंखा बघायला लागलो. आता हा खरं बोलणार, अख्ख्या घरासमोर बोलणार, कारण त्याला दुसरं येत नाही. त्यानं बोट पँटला पुसलं आणि जेवायला पानं घेतली.

परत येताना स्पाइन रोडवर मी स्कूटर चालवत होतो आणि बायको मागून बोलत होती. मला एक शब्द ऐकू आला नाही. मला फक्त ते पँटला पुसलेलं बोट दिसत होतं. वर्कशॉपवाल्यांना पकडल्यावर मी कधी बोट पँटला पुसलं नव्हतं. लाल शाईनं लिहून सगळ्यांसमोर माल परत पाठवला होता. एक गुण राहिला होता ज्याचा मी हेवा केला नव्हता, तोही त्यानं त्या दिवशी दाखवून दिला.

दिवाळी झाली. पाडव्याच्या तिसऱ्या दिवशी खाली हॉर्न वाजला. साडूची गाडी. गाडीतून सासूबाई उतरल्या, त्यांच्या दोन पिशव्या, औषधांचा डबा, पितळेचा तांब्या, आणि गावाहून आणलेली गोधडी. पाहुण्यासारखं सामान नव्हतं ते. राहायला येणाऱ्याचं होतं. साडूनं सगळं तीन मजले चढवून आणलं, एकदाही धाप न लागता. चहा घेतला. कवळी डॉक्टरकडून घासून आणलीये, आता बोचणार नाही, असं बायकोला सांगितलं, आणि गेला. लिफ्ट, तुळस, गाडी, सगळं त्याच्याकडे राहिलं, आणि सासूबाई माझ्याकडे.

पुढचे आठ दिवस मी जमिनीवर नव्हतो. कंपनीत तर मी असं सांगितलं, की कडक भाकरीच्या एका तुकड्यावर सासू आठ मजले पायी उतरली आणि निगडीपासून मोशीपर्यंत चालत आली. पेंट शॉपवाल्यानं त्या दिवशी स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

नवव्या दिवशी संध्याकाळी सासूबाई गॅलरीत बसल्या होत्या. घासलेली कवळी तोंडात. मांडीवर ताटली, त्यात माझी कडक भाकरी आमटीत चुरलेली. कडक भाकरी अशीच खायची असते हो, हे मला चार तास आणि चौदा भाकऱ्यांनंतर कळलं. मी त्यांना सांगत होतो, की आज आमची प्रेस मशीन एवढ्या जोरात बसली, की पलीकडच्या कंपनीतल्या कोंबड्यांनी अंडी दिली. पलीकडच्या कंपनीत कोंबड्या कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, मग? मी म्हटलं, मग काय, उकडलेलीच निघाली. त्यांचे खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं, घास घशात अडकला आणि मी पाणी आणून दिलं.

त्या सावरल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, मामी, खरं सांगा. तिकडं लिफ्ट, डॉक्टर जवळ, सगळं सोडून तुम्ही इकडं आलात. भाकरीच आवडली ना?

त्यांनी ताटलीतला शेवटचा घास बोटानं पुसून घेतला.

“मोठे जावई म्हणले, तिकडं जा,” त्या म्हणाल्या. “तिकडं तुम्ही हसता.”